वाचकांचे अभिप्राय आणि बालसाहित्याचा अर्थ : ‘नॉर्दर्न लाइट्स’ या कादंबरीच्या संदर्भात

प्रस्तावना :
बालसाहित्याच्या वाचनव्यवहाराचे एक वेगळेपण असे की, पुस्तक लिहिणारा, छापणारा, विकत घेणारा आणि त्याला पारितोषिक देणारा बहुधा प्रौढ असतो. वाचणारे मात्र मूल असते. त्यामुळे अशा पुस्तकावरील अभिप्राय कोणाचा आहे, याबरोबरच तो कोणाच्या वतीने दिला आहे, हेही पाहावे लागते. या दृष्टीने इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) या कादंबरीचे उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेत ती ‘द गोल्डन कंपास’ या नावाने प्रसिद्ध झाली.

कादंबरीचे स्वरूप :
‘हिज डार्क मटेरियल्स’ या त्रयीचा हा पहिला भाग. ‘द सटल नाइफ’ (१९९७) आणि ‘द अँबर स्पायग्लास’ (२०००) हे पुढील दोन भाग होत. नायिका लायरा हिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्यासोबत वावरतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. मुलांचा डीमन सतत रूपे बदलतो आणि मूल वयात आले की एका रूपात स्थिरावतो. धर्मसत्तेच्या आश्रयाने मुलांना पळवून नेऊन त्यांना डीमनपासून तोडण्याचे प्रयोग चालतात. शेवटी समांतर जगाकडे जाणारी वाट खुली होते.

अभिप्रायांतील भिन्नता :
कथा म्हणून वाचणाऱ्याला लायराचा हट्टीपणा, तिचे बेमालूम खोटे बोलणे आणि चिलखतधारी अस्वलाशी जडलेली मैत्री मोह घालते. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’शी परिचित असलेल्या वाचकाला त्यात पतनकथेची उलट मांडणी दिसते. उत्तरार्धात कथेवर विचार कुरघोडी करतो, असाही आक्षेप घेतला जातो.

धर्मविषयक मतभेद अधिक तीव्र आहेत. २००४ मध्ये कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी या कृतीचा धर्मशिक्षणात उपयोग व्हावा, असे सुचविले. त्यांच्या मते टीकेचा रोख श्रद्धेवर नसून श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या दडपशाहीवर होता. याउलट अमेरिकेतील ‘कॅथलिक लीग’ने २००७ मध्ये कादंबरीवरील चित्रपटावर बहिष्काराचे आवाहन केले. चित्रपटात धर्मसत्तेवरील टीका सौम्य केलेली होती. परंतु तो पाहून मुले मूळ पुस्तकांकडे वळतील, ही त्या संघटनेची चिंता होती. त्याच वर्षी अमेरिकन ग्रंथालय संघाच्या सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी पहिल्या दहांत आली. ब्रिटनमध्ये मात्र त्याच वर्षी जनमताने कार्नेगी पदकाच्या ७० वर्षांतील सर्वोत्तम पुस्तक म्हणून तिचीच निवड झाली.

विवेचन :
अर्थ हा संहितेत तयार स्वरूपात नसून संहिता आणि वाचक यांच्या देवघेवीतून घडतो, असा सिद्धांत लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासून मांडला. त्यानुसार वरील विरोधी अभिप्राय स्वाभाविक ठरतात. तथापि, येथे एक मर्यादा जाणवते. आर्चबिशप काय किंवा बहिष्कारवादी काय, दोघेही मुलांनी काय वाचावे याविषयी बोलतात. मूल काय वाचते याविषयी नाही. विशेष म्हणजे कादंबरीतील प्रयोगकर्तेही आपली कृती मुलांच्या भल्यासाठीच असल्याचे सांगतात. पुस्तकाभोवतीच्या वादात पुस्तकाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

समारोप :
मुलांवरील परिणामाच्या भीतीने किंवा कौतुकाने दिलेला अभिप्राय हा प्रौढांच्या मूल्यदृष्टीचा पुरावा असतो. तो बालवाचनाचा पुरावा मानता येत नाही. बालसाहित्याचे अध्यापन व संशोधन करताना हा भेद न पाळल्यास, ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले गेले तो वाचकच अभ्यासातून निसटून जातो.