डांबरगोळ्यांच्या भरवशावर कपडे टिकत नाहीत

जालना जिल्ह्यात दोन प्रकारचे धागे पिकतात. एक शेतातला कापूस, दुसरा तुतीच्या पाल्यावर वाढलेल्या अळीचा रेशीमकोष. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोषांची खरेदी-विक्री होते. कापूस हा झाडाचा धागा, म्हणजे सेल्युलोज. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांचे धागे, म्हणजे प्रथिनं. कपाट लावताना मात्र हा फरक आपण विसरतो. सुती लुगडं, पैठणी, स्वेटर एकावर एक रचतो, वर चार डांबरगोळ्या टाकतो आणि निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणाच कपड्यांच्या मुळावर येतो.

कसर सगळेच कपडे सारखे खाते, हा पहिला गैरसमज. मुळात कसर म्हणून आपण दोन वेगळ्या किडी ओळखतो. एक असते छोट्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही. लोकर आणि रेशीम कुरतडते ती अळी. दुसरी चंदेरी, बिनपंखी, जुन्या पुस्तकांत पळणारी. तिला पिठूळ पदार्थ आवडतात, म्हणून ती कांजी केलेल्या सुती कपड्यांकडे वळते. धुतलेल्या, कोरड्या सुती कपड्यात अळीला फारसं काही मिळत नाही, पण घामाचा किंवा अन्नाचा डाग तिला बोलावून आणतो. आज न दिसणारा घामाचा डाग काही महिन्यांनी पिवळा पडतो तो वेगळाच. त्यामुळे कपडा ठेवण्याआधी तो स्वच्छ करणं आणि सुती कपड्यातली कांजी काढणं, हीच खरी राखण.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित राहते, हा दुसरा गैरसमज. पिशवी धूळ अडवते, पण आतली ओलही अडवते, आणि पावसाळ्यात त्या ओलीवर बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, शाईही लागते. धुतलेलं मलमल किंवा मांजरपाट गुंडाळलेलं बरं. घडीकडेही लक्ष हवं. पदर वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेला राहिला, की त्या रेषेवर रेशीम विरतं, जर तुटते. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलली की ताण एका जागी साचत नाही.

डांबरगोळ्यांनी किडी मरतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण घट्ट बंद पेटीत त्यांची वाफ साठली तरच. रोज उघडणाऱ्या कपाटातली वाफ खोलीत पसरते आणि आपल्या श्वासात जाते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. पूर्वी कडुनिंबाचा पाला पुरायचा, असंही म्हटलं जातं. पण पाला अंडी मारत नाही, आणि ओलसर असला तर उलट दमटपणा वाढवतो. पाल्याच्या जोडीला कपडे वारंवार बाहेर काढून वाऱ्यावर टाकायची सवय होती, हे आपण विसरतो.

ती सवय आजही जमण्यासारखी आहे. पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास जालन्याची हवा कोरडी होते. तेव्हा लोकरीचे कपडे थोडा वेळ उन्हात झटकावेत. उन्हाने रेशमाचा रंग उडतो, धागा कमजोर होतो, म्हणून ते सावलीतल्या वाऱ्यावर पसरावं.