चिखलातले ते ठसे कोणाचे?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बॉडमिन मूर नावाचे उजाड माळरान आहे. गवत, खडक, धुके आणि मेंढ्या, एवढेच तिथे दिसते. सुटीच्या दिवशी फिरायला गेलेल्या एखाद्या कुटुंबाला तिथल्या चिखलात तळहाताएवढा पंजा उमटलेला दिसला, की लहान मुले मुकाट्याने आईचा हात धरतात. त्या देशात वाघ-बिबटे नाहीत. मग हा पंजा कोणाचा?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण ज्याच्या मेंढ्या मरतात त्याला तो गमतीचा नसतो. १९८३ साली शेजारच्या डेव्हन परगण्यातील एका शेतकऱ्याने आपल्या शंभरावर मेंढ्या मारल्या गेल्याची तक्रार केली, तेव्हा एक्समूरच्या माळावर चक्क नौदलाचे नेमबाज पाठवण्यात आले. हाती काहीच लागले नाही.

लोकांचा संशय मात्र अगदीच खुळा नव्हता. हिंस्र प्राणी पाळायला परवाना हवा, असा कायदा ब्रिटनमध्ये १९७६ साली झाला. त्यापूर्वी पैसेवाल्यांना लंडनच्या दुकानात सिंहाचा छावासुद्धा विकत मिळे! कायद्यानंतर काहींनी आपली जनावरे गुपचूप रानात सोडली असावीत, असे म्हणतात. १९८० मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतकऱ्याने पिंजरा लावून खरोखरीच प्यूमा मादी पकडली. ती इतकी माणसाळलेली होती, की कोणाच्या तरी घरचीच असावी.

अखेर १९९५ साली सरकारने बॉडमिनची रीतसर चौकशी केली. ज्या जागी ‘श्वापदा’ची छायाचित्रे काढली होती, तिथेच मोजपट्टी उभी करून पाहिली. श्वापद जेमतेम फूटभर उंचीचे, म्हणजे साधे मांजर ठरले! ठशांचे साचेही मांजराचे आणि कुत्र्याचे निघाले. मोठ्या मार्जाराचा खात्रीलायक पुरावा नाही, पण तो नाहीच असेही सिद्ध करता येत नाही, असा अहवाल आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मुलाला तिथल्या नदीत बिबट्याची कवटी सापडली. खळबळ उडाली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने सांगितले, कवटी खऱ्याच बिबट्याची आहे. पण तिच्या आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांची पेटी चिकटली होती आणि मागची बाजू कापलेली होती. कोणाच्या तरी दिवाणखान्यात अंथरलेल्या कातड्याचे ते डोके होते.

ठसा ओळखायचा कसा? कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोके उमटतात. मार्जारकुळातले प्राणी चालताना नखे आत घेतात, म्हणून सहसा ती दिसत नाहीत. शिवाय तळव्याच्या गादीची मागची कड तीन भागांत विभागलेली असते. आकारावर मात्र भिस्त ठेवू नये. ओल्या चिखलात ठसा पसरतो, वितळत्या बर्फात तर दुप्पटही भासतो.

आपल्याकडे जुन्नरच्या उसाच्या फडात असा बिननखांचा, तीन भागांच्या गादीचा ठसा दिसला, तर तिथे कोणी मोजपट्टी आणायला जात नाही. गुरे-शेळ्या गोठ्यात घेतात, पोरांना हाका मारतात आणि वनखात्याला कळवतात.