तर्जनीचे मोल

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत अथवा घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात पॉवर प्रेसखाली कामगाराचे बोट सापडले, म्हणजे त्या बोटाचे मोल ठरविणारे कोष्टक मुळात 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले आहे. अंगठा गेल्यास 30 टक्के, तर्जनी गेल्यास 14, मधले बोट गेल्यास 12 आणि अनामिका वा करंगळी गेल्यास अवघी 7 टक्के कमाईची क्षमता नष्ट झाली, असे तेथे गृहीत धरलेले आहे. 30 वर्षे वयाच्या, दरमहा 15,000 रुपये मिळविणाऱ्या इसमाची तर्जनी समूळ गेली, तर वेतनाच्या 60 टक्क्यांस वयाचा गुणक 207.98 लावून, त्याच्या 14 टक्क्यांइतके, म्हणजे सुमारे 2,62,055 रुपये पदरात पडतात. ते बोट सुताराचे की पहारेकऱ्याचे, याची चौकशी कोष्टक करीत नाही, हे मला विलक्षण वाटते.

राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्यास मात्र या एकरकमी भरपाईऐवजी उपचार, तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम आणि कायम अपंगत्वास त्या प्रमाणात तहहयात मासिक निवृत्तिवेतन मिळते. अपघात नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाला, तरी हक्कास बाध येत नाही. 1923 चा भरपाईचा कायदा आणि या विमा योजनेचा कायदा, हे दोन्ही आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आले आहेत.

हक्क सोडल्याचा करारनामा कायद्याने रद्दबातल ठरतो. तरीही कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत करवून घ्यावी.