पेटाऱ्यांतून आलेलं गाव

डेकोरा (आयोवा), जुलैअखेर

आयोवा हे नाव मराठी वाचकाला पहिल्यांदा भेटतं ते बहुधा वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मध्ये. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच राज्यात शिकला. आधी इंडियानोलाच्या सिम्पसन कॉलेजात, मग एम्सच्या कृषी महाविद्यालयात. त्या वाचनामुळे माझ्या मनातलं आयोवा म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट शेतं आणि मका. मिनियापोलिसहून दक्षिणेला निघालो तेव्हा वाटेतल्या मिनेसोटातही बराच वेळ तेच दिसत होतं. राज्याची सीमा ओलांडली आणि थोड्याच वेळात रस्ता वळणं घेत खाली उतरू लागला. चुनखडीचे कडे, दाट झाडी, तळाशी अप्पर आयोवा नदी आणि तिच्या काठी साडेसात हजार वस्तीचं डेकोरा.

सपाट प्रदेशात हा खोलगट भाग कसा, याचं उत्तर हिमयुगात आहे. अलीकडच्या हिमनद्या या टापूला वळसा घालून गेल्या. आजूबाजूची जमीन त्यांनी घासून सपाट केली, ही तशीच राहिली. पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि थंडगार झरे होऊन कड्यांतून बाहेर पडतं. गावाच्या अगदी कडेला डनिंग्ज स्प्रिंग नावाचा असा झरा आहे. तो टप्प्याटप्प्याने कोसळत खाली येतो आणि भर उन्हाळ्यात त्याच्याजवळ उभं राहिलं की हात गारठतात. त्याहून नवलाची जवळचीच बर्फाची गुहा. हिवाळ्यात थंड हवा आत उतरून खडक गोठवून ठेवते. वसंतात वरचं बर्फ वितळतं, ते पाणी भेगांतून झिरपत त्या गोठलेल्या खडकावर येतं आणि तिथे त्याचं पुन्हा बर्फ होतं. म्हणजे बाहेर पालवी फुटते तेव्हा आत बर्फ वाढू लागतं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना मी भिंतीवरच्या त्या बर्फाला हात लावून आलो. तिकीट नाही. विजेरी आणि जाड तळव्याचे बूट मात्र न्यावेत.

येणाऱ्यांसाठी एक सूचना आधीच देतो. इथे प्रवासी रेल्वे नाही, आणि स्वतःची किंवा भाड्याची गाडी नसेल तर पोचणं फार अवघड. पण एकदा पोचल्यावर गाडी उभी करून ठेवता येते. गावाभोवती सुमारे 18 किलोमीटरचा पक्का सायकलमार्ग फिरतो. तो ट्राउट माशांच्या सरकारी पैदास केंद्रावरून जातो; तिथे मुलं हौदांतल्या माशांना खाणं टाकत असतात. जवळच्या झाडावरच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या घरट्यावर कॅमेरा लावला आणि 2011 साली जगभरच्या लोकांनी ती पिल्लं वाढताना घरबसल्या पाहिली. नदीत होड्या आणि फुगवलेल्या रबरी ट्यूब घेऊन उतरणाऱ्यांची रोज गर्दी असते.

हे सगळं सुंदर आहे. तरी मी इथे आठवडाभर रेंगाळलो तो वॉटर स्ट्रीटवरच्या एका संग्रहालयापायी.

वेस्टरहाइम म्हणजे पश्चिमेकडचं घर. नॉर्वेतून आलेले लोक अमेरिकेला हे नाव देत. 1825 नंतरच्या शंभर वर्षांत 8 लाखांहून अधिक माणसं तो देश सोडून निघाली. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये कसायला जमीन मूठभर, ती थोरल्या मुलाकडे जायची. बाकीच्यांनी जायचं कुठे? या संग्रहालयाची सुरुवात 1877 ची, इथल्याच ल्यूथर कॉलेजात झालेली. म्हणजे ही माणसं जेमतेम स्थिरावत होती तेव्हाच त्यांनी आपल्या वस्तू जपायला घेतल्या. आज तिथे हजारो वस्तू आहेत. दोन भावांनी 1933 साली अटलांटिक ओलांडायला घेतलेली जेमतेम 25 फुटांची शिडाची होडी पाहून छाती दडपते. पण मी पुन्हा पुन्हा गेलो ते पेटाऱ्यांकडे.

लाकडी, लोखंडी पट्ट्यांचे, गोलसर झाकणांचे पेटारे. त्यांच्यावर निळ्या-तांबड्या रंगांत वळणावळणांची फुलं आणि वेली. या चित्रकलेला रोझमालिंग म्हणतात. काहींवर मालकाचं नाव आणि साल, काहींवर जायचं ठिकाण. घरातलं सगळं एका पेटाऱ्यात बसवायचं म्हटलं तर काय घ्यायचं? बायबल, लोकर, कुऱ्हाड, चांदीची एखादी पिन, लग्नातला पोशाख. पेटारा तसाही फुटणार-घासणार होता, तरी त्याच्यावर कुणीतरी बसून फुलं काढली. मला वाटतं, देश सोडणाऱ्या माणसाबद्दल त्या फुलांइतकं खरं कुणी सांगू शकणार नाही. संग्रहालय ही कला नुसती काचेआड ठेवत नाही. रंगकाम, लाकूडकाम, विणकाम शिकवणारी शाळा ते चालवतं, आणि लोक आठवडाआठवडा मुक्काम ठोकून शिकतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावाचं नाव वॉकन डेकोरा या, इथल्या मूळनिवासी हो-चंक जमातीच्या प्रमुखावरून आलं. 1848 मध्ये हो-चंकांना सरकारने या भागातून हलवलं आणि पुढच्याच वर्षी गोरं कुटुंब वस्तीला आलं. जागा सोडावी लागलेल्या नॉर्वेजियनांना जी जागा मिळाली ती दुसऱ्यांना सोडायला लावलेली होती. पेटाऱ्यांपुढे उभं असताना हे माझ्या मनातून गेलं नाही.

भाषेचं काय झालं, हा मराठी माणसाचा पहिला प्रश्न. ‘डेकोरा-पोस्टेन’ नावाचं नॉर्वेजियन वर्तमानपत्र याच गावातून 1874 मध्ये सुरू झालं आणि 1972 पर्यंत, म्हणजे 98 वर्षं, निघत राहिलं. त्यात 1918 पासून ओला आणि पेर या दोन शेतकऱ्यांची चित्रमालिका येई. तिची बोली नॉर्वेजियन, पण मध्येमध्ये इंग्रजी शब्द शिरलेले. न्यू जर्सीत किंवा शिकागोत वाढणाऱ्या मराठी घरांत ऐकू येते तशीच ती मिसळ. मग वाचणारे थकले आणि अंक थांबला. आज रस्त्यावर नॉर्वेजियन ऐकू येत नाही.

राहिलं ते स्वयंपाकघरात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात 1967 पासून इथे नॉर्डिक फेस्ट भरतो. मिरवणूक निघते, गावातली शाळकरी मुलं पारंपरिक कपड्यांत लोकनृत्यं करतात, आणि लेफ्सेपुढे रांग लागते. लेफ्से म्हणजे उकडलेल्या बटाट्याची, पिठात मळलेली पातळ पोळी. लाटण्याला बारीक खाचा असतात, तवा भाकरीच्या तव्याच्या दुप्पट, आणि उलटायला लांब चपटी काठी. लाटणाऱ्या आजींचे हात पाहताना मला पुरणपोळीचे हात आठवले. कडा फाटू न देता मधून बाहेर नेणारे. लोणी आणि साखर लावून गुंडाळी करून देतात. पीठ किती घालायचं विचारलं तर त्या म्हणाल्या, “बटाटा मागेल तेवढं.” हे उत्तर मी माझ्या आजीकडूनही ऐकलेलं आहे.

डेकोराहून अर्ध्या तासाच्या आत स्पिलव्हिल हे चेक लोकांचं खेडं आहे. 1893 च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कहून संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक बायको-मुलांसह इथे राहायला आला, आपली भाषा बोलणारी माणसं भेटावीत म्हणून. जूनमध्ये पंधरा-सोळा दिवसांत त्याने इथे एक तंतुवाद्य-चतुष्टक लिहिलं. तेच आज ‘अमेरिकन’ म्हणून जगभर वाजतं. तो राहिला त्या इमारतीत आता बिली बंधूंची घड्याळं आहेत. फ्रँक आणि जोसेफ बिली शेतकरी होते. हिवाळ्यात काम थांबलं की लाकूड कोरत बसत. पुरुषभर उंचीची, तासाला बारा प्रेषितांची मिरवणूक काढणारी घड्याळं त्यांनी घडवली आणि एकही विकलं नाही. हेन्री फोर्डने एका घड्याळाला दहा लाख डॉलर देऊ केले होते, असं गाव सांगतं. संग्रह कधी मोडायचा नाही, या अटीवर त्यांनी तो गावाला दिला.

पुन्हा कार्व्हरकडे येतो. एम्सला असताना तो आपल्या एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला वनस्पती दाखवत रानात फिरवायचा. तो मुलगा हेन्री वॉलेस. त्याने 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, आणि पुढे तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. संकरित बियाण्याने आयोवाची कोठारं भरली, पण शेतकऱ्याला दरवर्षी बियाणं विकत घ्यायला लावलं. घरोघरचे वाण मागे पडत गेले. त्याच आयोवात, डेकोराच्या बाहेर, असे वाण जपणाऱ्या सीड सेव्हर्स एक्स्चेंजचं 890 एकरांचं शेत आहे.

त्याची गोष्ट एका आजोबांपासून सुरू होते. बॅप्टिस्ट ऑट जवळच्याच सेंट लुकसचे शेतकरी. आईवडिलांनी बव्हेरियाहून आणलेलं दोन वाणांचं बी त्यांनी नातीला, डायॅन ऑट व्हीलीला, दिलं: एक गुलाबी टोमॅटो, एक जांभळी मॉर्निंग ग्लोरी, आपल्या गारवेलीच्या कुळातली. आजोबा लवकरच गेले. हे बी आता आपण जपलं नाही तर संपलंच, हे तिच्या लक्षात आलं. 1975 साली तिने आणि नवरा केंट यांनी बी राखणाऱ्या माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली. आज इथे 20 हजारांहून अधिक वाण आहेत. बियाण्यांचा एक साठा उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियाण्यांच्या तिजोरीत ठेवायला जातो; नॉर्वेहून पेटारे आलेल्या गावाचं बी नॉर्वेच्या बर्फात जाऊन राहतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी मडक्यांत आणि राखेत जे केलं तेच हे काम. दोघींची भेट व्हावी असं मला मनापासून वाटलं.

शेत बघायला पैसे लागत नाहीत. जुन्या सफरचंदांची बाग, पांढरी, काळ्या कानांची प्राचीन जातीची गुरं, टेकडीवरच्या पायवाटा. धान्यकोठाराच्या भिंतीवर ऑट आजोबांची वेल चढलेली होती, जांभळ्या फुलाच्या गळ्यात तांबडी चांदणी.

दुकानातून त्या बियांचं एक पाकीट घेतलं. पेरणीचं बियाणं परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही आणि तो नियम योग्यच आहे, म्हणून पाकीट मिनियापोलिसला माझा मुक्काम असलेल्या काकूंसाठी. त्या कऱ्हाडकडच्या शेतकरी घरातल्या. शेतातूनच त्यांना फोन केला. फुलाचा रंग मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आणि बी कधी धरायचं रे?”

बोंडं वेलीवरच वाळून तपकिरी होऊ द्यायची, असं तिथल्या माळीणबाईंनी मला दाखवलं होतं. तेच त्यांना सांगितलं.