समुद्राखालून आलेलं इंटरनेट

इंटरनेट उपग्रहांवरून येतं, असं पुष्कळांना वाटतं. वास्तविक खंडाखंडांमधला 95 टक्क्यांहून अधिक डेटा समुद्रतळावरच्या केबलमधून जातो, आणि ही वाट आयर्लंडमध्ये फार जुनी आहे. केरी परगण्यातल्या व्हॅलेन्शिया बेटावरून 1858 मध्ये अटलांटिकखालून न्यूफाउंडलंडपर्यंत तारायंत्राची केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचायला सुमारे 16 तास लागले. संदेश जोरात जावा म्हणून विजेचा दाब बेसुमार वाढवण्यात आला आणि तीनेक आठवड्यांत केबल निकामी झाली. बेलफास्टमध्ये जन्मलेले विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचं म्हणणं वेगळं होतं: दाब वाढवू नका, क्षीण प्रवाह टिपणारं नाजूक यंत्र वापरा. ते खरं ठरलं. 1866 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानं टाकलेली केबल टिकली, आणि 1870 पर्यंत मुंबईही समुद्री तारांनी लंडनशी जोडली गेली. आता तांब्याऐवजी काचतंतू आहेत आणि त्यांतून प्रकाश धावतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या किलाला गावी न्यूयॉर्ककडून अशीच केबल येते, तशाच मुंबईत वर्सोव्याला येतात.

अणुहल्ल्यातही टिकावं म्हणून इंटरनेट बांधलं, ही गोष्टही सर्रास सांगितली जाते. तसा विचार अमेरिकी अभियंते पॉल बॅरन यांनी स्वतंत्रपणे मांडला होता. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या 1969 च्या अर्पानेटमागचा हेतू मात्र साधा होता: महागडे संगणक दूरदूरच्या संशोधकांना वाटून वापरता यावेत.

वेब म्हणजेच इंटरनेट, हा घोटाळा तर रोजचाच. इंटरनेट हे जाळं. वेब ही त्यावर चालणारी एक सेवा, टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सुचवलेली. ईमेल तिच्याआधीचं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या वेब सर्व्हरपैकी एक 1991 मध्ये कॉर्कच्या विद्यापीठात सुरू झाला, तोही जुन्या आयरिश ग्रंथांच्या ‘क्युरिया’ प्रकल्पासाठी. एका छोट्या देशानं या नव्या साधनावर आधी आपलं जुनं वाङ्मय ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

राहिलं ‘क्लाउड’. आपले फोटो कुठेतरी अधांतरी नसतात. डब्लिनभोवतीच्या डेटा सेंटरसारख्या अवाढव्य इमारतींत ते साठतात, आणि त्या इमारतींना अखंड वीज लागते. 2015 मध्ये आयर्लंडच्या मोजलेल्या वीजवापरात डेटा सेंटरचा वाटा 5 टक्के होता. 2023 मध्ये तो 21 टक्क्यांवर गेला. देशातल्या सगळ्या शहरी घरांनी मिळून त्या वर्षी 18 टक्के वीज वापरली.