पेढीच्या पेटीतील हुंडी : रद्दी की ठेव?

अमेरिकेत १८६३ ते १९३५ या काळात लहानसहान गावांतील राष्ट्रीय बँकाही आपापल्या नावाच्या नोटा काढीत. आज त्या गावांचे रहिवासी त्या नोटा मोठ्या आस्थेने जमवतात. जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या बँकेची अशी नोट मात्र कोणाला सापडणार नाही. मुंबई इलाख्यात नोटा काढण्याचा अधिकार पूर्वी बँक ऑफ बॉम्बेकडे होता. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो सरकारने आपल्या हाती घेतला. खानदेशच्या गावांची व पेढ्यांची नावे धारण करणारा पैशाचा कागद शोधायचा, तर तो हुंडीतच सापडतो.

पाहताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी द्यावयाची ती मुदती. पैसे चुकते झालेल्या हुंडीस ‘खोखा’ म्हणत. मूळ हुंडी हरवल्यास ‘पैठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपैठ’ लिहून देत. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ती आकड्यांत व अक्षरांत लिहीत; शिवाय ‘निमे इतके, त्याची दुप्पट’ असा खुलासाही करीत. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांबाबत स्थानिक रूढी कायम ठेवली.

हुंडीचे मोल ठरवताना प्रथम कागद पाहावा. मुदती हुंडी छापील मुद्रांकाच्या सरकारी कागदावर लिहीत. त्यावर राणी व्हिक्टोरिया आहे की नंतरचा राजा, यावरून काळाचा अदमास येतो. मिती विक्रम संवताची असल्यास त्यातून साधारण ५७ वजा करावे. त्यानंतर गाव, पेढी, लिपी, सही-शिक्के आणि कागदाची अवस्था पाहावी. सामान्य खोख्यांना बाजारात फारशी किंमत येत नाही. मात्र एकाच पेढीच्या हुंड्या, त्यांच्या नोंदी असलेली रोजकीर्द आणि पत्रव्यवहार एकत्र असेल, तर प्रत्येक कागद दुसऱ्याची साक्ष देतो. केवळ मुद्रांकासाठी हुंडी कापली की ती साक्ष कायमची संपते.

म्हणून वाटणीच्या वेळी वा दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी वजनावर देऊ नये. कागदांचा मूळ क्रम मोडू नये. टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी, इस्त्री व लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेऊन यादी करावी. मोडी किंवा महाजनी वाचणारे वडीलधारे घरात असतील, तर त्यांच्याकडून आजच वाचून घ्यावे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी जुन्या कागदपत्रांची कदर करणारी संस्था आहे; अशा जाणकारांचा सल्ला विक्रीपूर्वी घ्यावा.

पेढीची पत ज्या अक्षरांवर उभी होती, ती अक्षरे पुढच्या पिढीच्या हाती अखंड सोपवणे हाही वारशाचाच हिशेब आहे.