रोवणीचे दिवस रेषेवर मांडा

धानाची रोवणी कधी करणार, असे विचारले तर आलापल्ली-अहेरीकडचा शेतकरी तारीख सांगत नाही, "पाणी पाहून" असे सांगतो. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पाणी, रोवण्याजोगे पऱ्हे आणि रोवणीच्या बाया ही तिन्ही एकाच दिवशी मिळावी लागतात. प्रत्येकाची मुदत वेगळी असते. या मुदती कोठे जुळतात, हे आधीच पाहता येते.

वहीत आडवी रेषा काढावी. १ जूनला १ म्हणावे, म्हणजे १ जुलैला ३१ आणि ३१ जुलैला ६१ येतात. समजा, २० जूनला पऱ्हे टाकले. मध्यम मुदतीच्या वाणाचे पऱ्हे साधारण २१ ते २८ दिवसांचे असताना रोवावेत. म्हणजे ४१ ते ४८. बांधीत चिखलणीपुरते पाणी ५ जुलैपासून राहील असा अंदाज आहे आणि जुलैअखेर रोवणी आटोपायची आहे. ही पट्टी ३५ ते ६१. बायांनी १४ ते २२ जुलै कबूल केले आहे; ४४ ते ५२. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक काढाव्यात.

आता सर्व सुरुवातींतील सर्वांत मोठा आकडा घ्यावा आणि सर्व शेवटांतील सर्वांत लहान. येतात ४४ आणि ४८. हाच सामाईक भाग. गणितात त्याला छेद म्हणतात. १४ ते १८ जुलै हे चार नव्हे, पाच दिवस होतात, कारण दोन्ही टोकांचे दिवस कामाचे आहेत. मोजताना येथे हमखास चूक होते.

पण तुमच्या बांध्यांना सात दिवस लागत असतील तर? आणि पाऊस लांबून बांधीत पाणी १९ जुलैला साचले, तर सुरुवात ४९ होते, शेवट मात्र ४८ च राहतो. सुरुवात शेवटाच्या पुढे गेली की सामाईक दिवस एकही उरत नाही. पऱ्हे जून होतात, फुटवे कमी येतात आणि एका चुडात जास्त रोपे लावावी लागतात.

पाऊस आपल्या हाती नाही. पऱ्ह्यांची पट्टी आहे. निम्मे बियाणे २० जूनला व निम्मे २४ जूनला टाकावे. दुसऱ्या खेपेची पट्टी ४५ ते ५२ येते. पाणी वेळेवर आले तर दोन्ही खेपा मिळून बायांचे नऊही दिवस, ४४ ते ५२, कामी येतात. पाणी ४९ व्या दिवशी आले तरी दुसऱ्या खेपेला चार दिवस मिळतात; जून झालेले निम्मेच राहतात. ज्यांच्याजवळ बोडी आहे त्यांची पाण्याची पट्टी अलीकडे सरकते, हा त्यांचा वेगळा फायदा.

वरील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. हळव्या वाणाचे पऱ्हे लवकर रोवावे लागतात, गरव्याचे थोडे थांबतात. आपल्या वाणाचे योग्य वय सिंदेवाहीचे संशोधन केंद्र किंवा गडचिरोलीचे कृषी विज्ञान केंद्र येथे विचारून घ्यावे. दोन्ही खेपांच्या वाफ्यांवर तारखेची खुंटी रोवून ठेवावी आणि बायांची तारीख बदलली की पट्टी पुन्हा काढावी.